इस्राएल आणि इस्रायल

आमच्या आजीच्या पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, शेवटी दोन रंगीत नकाशे होते. एक प्रेषित पौलाच्या प्रवासांचा आणि दुसरा प्रभू येशूच्या काळातल्या पॅलेस्टाइनचा. रविवारी शब्बाथ शाळेतून आले की पानं वाढली जाईपर्यंत मी त्या दुसऱ्या नकाशावर पालथी पडलेली असायची. वर गालीलचा समुद्र, तिथून वाकडीतिकडी खाली उतरणारी यार्देन नदी, तळाला क्षारसमुद्र. मिरजेच्या मिशन आवारात वाढलेल्या मला जत आणि आटपाडी कुठे आहेत हे चौथीत गेल्यावर कळलं. पण यरुशलेमाहून यरीहोला जाताना वाटेत लुटारू गाठतात, हे त्याच्या कितीतरी आधी पाठ होतं.

तेव्हा मिरज जंक्शनवरून बार्शी लाइटची छोटी गाडी सुटायची. आषाढीला वारकऱ्यांनी टपापर्यंत भरायची. हे सगळे पंढरपूरला उतरले की रिकामी गाडी पुढे यरुशलेमला जाते का, असं मी आजीला विचारलं होतं म्हणे. आजी गंभीरपणे म्हणाली, "नाही गं, त्याला मुंबईहून बोट लागते."

हे आठवायचं कारण माझा भाचा. कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो, पोरगा सालस आहे. गेल्या वर्षी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्या फोटोऐवजी निळ्या ताऱ्याचा पांढरा झेंडा लावला. सांगलीत एका मंगल कार्यालयात प्रार्थनासभा होती, तिथे मला आग्रहाने घेऊन गेला. व्यासपीठावर क्रूस लहान आणि झेंडा मोठा. बाहेरगावचे वक्ते, शेजारी मराठी करून सांगणारा. मध्येच एकाने बोकडाच्या शिंगाचा कर्णा फुंकला, पुढच्या रांगेतलं एक तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. सांगणं असं की उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात देवाने अब्राहामाला वचन दिलंय, तुला आशीर्वाद देणाऱ्याला मी आशीर्वाद देईन, शाप देणाऱ्याला शापीन. तेव्हा इस्राएलच्या बाजूने उभे राहा, तुमचे आजार जातील, कर्जं फिटतील.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली एकोणीस कर्जखात्यात. या मार्गाने फिटलेलं कर्ज काही माझ्या टेबलावर आलं नाही.

परतताना आयर्विन पुलावर त्याने गाडी हळू केली आणि विचारलं, "आत्या, आपण इस्रायलच्याच बाजूने ना?" मी म्हटलं, आधी कुठलं इस्राएल ते सांग. तो हसला. त्याला वाटलं आत्या नेहमीसारखी शब्दात पकडतेय. पण मी खरंच विचारत होते. आपल्या मराठी शास्त्रात लिहितात 'इस्राएल'. पेपरात लिहितात 'इस्रायल'. एक याकोबाचं दुसरं नाव, त्याच्या वंशाचं नाव, आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपण गातो-प्रार्थितो त्यातलं नाव. दुसरं 14 मे 1948 ला जाहीर झालेलं, पंतप्रधान, पासपोर्ट, निवडणुका, लष्कर असलेलं राज्य. मराठीत निदान एका अक्षराचा फरक तरी उरलाय. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, आणि मला वाटतं निम्मा घोळ तिथेच झाला.

पुलावर एवढंच बोलणं झालं, मागून एसटीने हॉर्न दिला. उरलेलं इथे लिहितेय.

भाच्याचा समज असा की ख्रिस्ती माणूस पहिल्यापासून यहूद्यांच्या राज्याच्या बाजूने आहे. तसं अजिबात नाही. कित्येक शतकं मुख्य शिकवण उलटी होती. यहूद्यांनी मशीहाला नाकारलं, म्हणून वचनं आता मंडळीकडे आली, मंडळी हीच नवं इस्राएल. त्या शिकवणीच्या सावलीत युरोपात यहूद्यांचे काय हाल झाले ते सांगायला नको. राज्याचं म्हणाल, तर यहूद्यांच्या राज्यासाठी झटणारा थिओडोर हर्झल 1904 च्या जानेवारीत पोप दहावे पायस यांना भेटायला रोमला गेला, तेव्हा पोपनी सरळ नकार दिला. यहूदी आमच्या प्रभूला मानत नाहीत, तर आम्ही यहूद्यांच्या राष्ट्राला कसं मानू, असा त्यांचा सवाल. व्हॅटिकनने इस्रायलशी राजनैतिक संबंध जोडले ते 1993 च्या डिसेंबरात. म्हणजे भारताच्याही नंतर. आपली वकिलात 1992 ला सुरू झाली.

मग हे झेंडेवालं प्रेम आलं कुठून? बरंचसं एका माणसाच्या वाचनातून. जॉन नेल्सन डार्बी, आयर्लंडमधला अँग्लिकन पाळक, पुढे आपला पंथ सोडून वेगळा झाला. 1830 च्या सुमारास त्याने शास्त्राची अशी मांडणी केली की देवाने इतिहासाचे वेगवेगळे कालखंड केले आहेत, आणि मंडळीसाठी एक योजना आहे, यहूद्यांसाठी दुसरी. मंडळी एके दिवशी ढगांत उचलली जाईल. त्यानंतर पृथ्वीवर घोर संकट, यरुशलेमभोवती युद्ध, मग ख्रिस्ताचं येणं आणि हजार वर्षांचं राज्य. हे सगळं घडायचं तर यहूदी आपल्या जुन्या भूमीत परत यायला हवेत. यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायातली सुकी हाडं म्हणजे हाच परतीचा देखावा.

डार्बी अमेरिकेला अनेकदा जाऊन आला. पण त्याचं म्हणणं घरोघर नेलं सायरस स्कोफील्डच्या 1909 च्या शास्त्राने. त्यात वर देववचन आणि त्याच पानावर खाली स्कोफील्डच्या टिपा. वाचणाऱ्याची नजर वरून खाली घसरायची आणि थोड्या वर्षांत वरचं कोणाचं, खालचं कोणाचं हे लक्षात राहीनासं व्हायचं. आमच्या आजीच्या शास्त्रात टिपा नव्हत्या. फक्त संदर्भाचे बारीक आकडे, आणि कडेला तिने शिसपेन्सिलीने लिहिलेल्या कोणाकोणाच्या मरणाच्या तारखा.

डार्बी मात्र राजकारणापासून चार हात लांब होता. राजकारणाकडे हे नेलं ते दुसऱ्यांनी, आणि त्यातला माझ्या आवडीचा माणूस म्हणजे लॉर्ड अ‍ॅश्ली, पुढे शाफ्ट्सबरीचा अर्ल झाला तो. गिरण्यांत राबणाऱ्या पोरांसाठी आणि खाणीत उतरवल्या जाणाऱ्या बायामुलांसाठी कायदे करून घेणारा भला गृहस्थ. यहूदी परत पवित्र भूमीत जावेत ही त्याची मनापासूनची, भाविक इच्छा. 1840 साली ब्रिटिश परराष्ट्रमंत्री पामर्स्टनकडे जेवायला गेला असताना त्याने हा विषय काढला. आणि रोजनिशीत काय लिहिलं, तर याच्यापुढे मला राजकीय, आर्थिक आणि व्यापारी मुद्देच मांडावे लागतात, त्याला तेच पटतात. हा काही आपल्या प्रभूसारखा यरुशलेमसाठी रडत नाही!

रोजनिशीतल्या या एका नोंदीत मला पुढची सगळी गोष्ट दिसते. आत भक्ती, टेबलावर हिशेब. कर्ज मागायला येणारा शेतकरीही पोरीच्या लग्नासाठी पैसे हवे असले तरी अर्जावर 'विहीर दुरुस्ती' लिहितो. साहेबाला काय पटतं हे त्याला ठाऊक असतं.

पामर्स्टनचे हिशेब तरी काय होते? तुर्की सुलतानाची सत्ता खिळखिळी होत चाललेली. तिथल्या कॅथलिकांचा कैवार फ्रान्सने घेतलेला, ऑर्थोडॉक्सांचा रशियाने. इंग्रजांना आपलं म्हणायला कोणी नव्हतं. मग यहूदी का नकोत? आणि पुढे सुएझचा कालवा झाल्यावर तर तो सगळा प्रदेश हिंदुस्थानच्या वाटेवरचा. म्हणजे आपल्यामुळेच की!

भाच्या, आता 1917 ऐक. 2 नोव्हेंबरला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरचं ते पत्र निघालं, यहूदी लोकांचं 'राष्ट्रीय घर' पॅलेस्टाइनमध्ये व्हावं याला ब्रिटिश सरकार अनुकूल असल्याचं. पंतप्रधान होता लॉइड जॉर्ज, वेल्समधल्या एका चांभारी करणाऱ्या मामाकडे वाढलेला. मामा त्यांच्या छोट्या बाप्टिस्ट वळणाच्या मंडळीत उपदेशही करायचा. लॉइड जॉर्जने पुढे स्वतःच सांगितलंय की शाळेत त्याला आपल्या देशाच्या इतिहासापेक्षा यहूद्यांचा इतिहास जास्त शिकवला गेला. इस्राएलचे सगळे राजे तो म्हणून दाखवू शकत होता, इंग्लंडचे अर्धा डझनही धड नाहीत.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले. हा तर माझाच भाऊ. जत माहीत नाही, यरीहो माहीत.

पण फरक असा की माझ्या हातात शिसपेन्सिलही नव्हती आणि त्याच्या हातात साम्राज्य होतं. महायुद्ध चिघळलेलं. अमेरिकेतले आणि रशियातले यहूदी आपल्या बाजूने वळतील ही आशा. पॅलेस्टाइन फ्रेंचांच्या हाती जाऊ नये ही घाई. कालव्याची काळजी. आणि या सगळ्याच्या तळाशी शब्बाथ शाळेचा नकाशा. यातलं खरं कारण कोणतं असं विचारणं मला तरी फिजूल वाटतं. माणूस एका कारणासाठी काही करतो असं मी कर्जखात्यात पाहिलेलं नाही.

त्या पत्रातला एक बारकावा पाहा. पॅलेस्टाइनमध्ये तेव्हा दहातले नऊ लोक अरब, मुसलमान आणि ख्रिस्ती दोन्ही. त्यांचा उल्लेख कसा, तर 'तिथले बिगरयहूदी समाज'. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना धक्का लागू नये एवढं म्हटलंय. राजकीय हक्कांचं नावच नाही. नकाशात गावांची नावं असतात, माणसांची नसतात.

आणि विरोध कोणी केला? मंत्रिमंडळातल्या एकमेव यहूद्याने. एडविन माँटेग्यू, आपला भारतमंत्री, शाळेत पाठ केलेल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवाला. ऑगस्टमध्ये त्याने टिपण लिहून सरकारचं हे धोरणच यहूदीद्वेष्टं आहे असं ठणकावलं. यहूद्यांचं घर पॅलेस्टाइन आहे असं एकदा ठरलं की बाकी प्रत्येक देश आपल्या यहूद्यांना म्हणेल, जा आपल्या घरी. ही भीती हवेतली नव्हती. याच बाल्फोरच्या पंतप्रधानकीत, 1905 साली, परकीयांना रोखणारा कायदा झाला होता, आणि तो मुख्यतः रशियातून पळून येणाऱ्या यहूद्यांना अडवण्यासाठी. म्हणजे तिकडे जा, फार छान, इकडे नको. अमेरिकेतही तेच सापडतं. विल्यम ब्लॅकस्टोन नावाच्या प्रचारकाने 1891 मध्ये 413 सह्यांचा अर्ज राष्ट्राध्यक्ष हॅरिसनना दिला, रॉकफेलर आणि जे. पी. मॉर्गनच्या सह्यांसकट: रशियात यहूद्यांचा छळ होतोय, त्यांना पॅलेस्टाइन द्या. ब्लॅकस्टोनची कळकळ खरी होती, शंका नाही. पण सही करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात भविष्यवाणीच होती, की न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरणाऱ्या बोटी, हे देव जाणे.

(माँटेग्यू त्याच नोव्हेंबरात हिंदुस्थानात येऊन पोचला होता. आणि त्याच साली आमच्या शेजारच्या साताऱ्यात ना. वा. टिळक मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून 'देवाचा दरबार' मांडत होते. ख्रिस्ताला तुकोबाच्या वाटेने शोधणारा हा माणूस आणि यरुशलेमचं भविष्य ठरवणारे ते मंत्री, दोघंही स्वतःला एकाच प्रभूचे म्हणवणारे. यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

हिटलरने साठ लाख यहूदी मारल्यावर युक्तिवादाचा सूरच बदलला. आता भविष्यवाणी न मानणारे ख्रिस्तीही म्हणू लागले की या लोकांना आसरा द्यायला हवा, आणि आपल्या शेकडो वर्षांच्या शिकवणीने हे घडू दिलं याची भरपाईही करायला हवी. रेनहोल्ड नीबरसारखा धर्मपंडित यातलाच, त्याला डार्बीची गणितं मुळीच मान्य नव्हती. हे कारण मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं, जरी भरपाई दुसऱ्याच कोणाच्या जमिनीतून केली गेली. 29 नोव्हेंबर 1947 ला संयुक्त राष्ट्रसंघात पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव 33 विरुद्ध 13 मतांनी झाला. भारताचं मत विरोधात होतं, आपली स्वतःची फाळणी होऊन साडेतीन महिनेच झालेले. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन बाप्टिस्ट. परराष्ट्रमंत्री मार्शलचा विरोध असताना त्याने इस्रायलला अकरा मिनिटांत मान्यता दिली. निवडणूक सहा महिन्यांवर होती हे खरं, आणि पुढे एका कार्यक्रमात 'मी कोरेश आहे' असं तो म्हणाला हेही खरं. कोरेश म्हणजे बाबेलातून यहूद्यांना परत पाठवणारा पारसाचा राजा. हल्ली ट्रम्पनाही कोरेश म्हणतात. बिचाऱ्या कोरेशाला कोणी विचारत नाही.

1967 च्या सहा दिवसांच्या युद्धात जुनं यरुशलेम इस्रायलच्या हाती आलं आणि डार्बीवाल्यांना वाटलं, घड्याळ चालू झालं. मग अमेरिकेत जेरी फॉल्वेल नावाच्या पाळकाने 1979 मध्ये संघटना काढली, इस्रायलच्या पंतप्रधान बेगिननी त्याला जवळ केलं. बेगिनना अमेरिकेतली मतं हवी, फॉल्वेलला भविष्यवाणी. 14 मे 2018 ला अमेरिकेची वकिलात यरुशलेमला हलली, तेव्हा प्रार्थना करायला टेक्सासचे दोन पाळक होते. मंगल कार्यालयातला आपला झेंडा याच वाटेने आलाय, मिरजेच्या मिशनऱ्यांकडून नाही.

मला खुपतं ते वेगळंच. या कथेत शेवटी यहूद्यांचं काय होतं? जखऱ्याच्या तेराव्या अध्यायाचा आधार घेऊन सांगतात की दोन भाग मरतील, तिसरा भाग अग्नीतून निघेल आणि येशूला मानेल. म्हणजे यहूदी म्हणून कोणी उरणारच नाही. ज्याच्यावर एवढं प्रेम, त्याला नाटकात एवढंच काम! मी भाच्याला म्हटलं, तुझ्या लग्नात कोणी आहेर घेऊन आला आणि म्हणाला, हा घे, तुझं घर जळेल त्या दिवशी उपयोगी पडेल, तर?

पप्पांचे एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहूदी समाजातले, मित्र होते, अलिबागकडचे, घरात आमच्याहून अस्सल मराठी बोलणारे. कोकणातल्या या तेल गाळणाऱ्या, शनिवार पाळणाऱ्या लोकांसाठी मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. जॉन विल्सनने 1832 साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. हेतू अर्थात त्यांना ख्रिस्ती करण्याचा. त्यांनी हिब्रू शिकून घेतली आणि ते अधिक पक्के यहूदी झाले. हे काका साठीच्या दशकात तिकडे गेले आणि तिथल्या धर्मगुरूंनी, लग्न लावायचं तर आधी तुमच्या आज्या-पणज्या तपासू, अशी अट घातली. मराठी माणसांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं, 1964 मध्ये तिथल्या संसदेने तुम्ही सर्वार्थाने यहूदीच असं म्हटलं. पप्पांना आलेल्या पत्रात ओळ होती, 'तिथे आम्हाला यहूदी म्हणत, इथे हिंदी म्हणतात.' शिवाय, कोथिंबीर मिळते पण तिला वास नाही.

पौलाचं एक वचन मला या सगळ्यात धरून ठेवावंसं वाटतं, रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायातलं. तुम्ही परराष्ट्रीय म्हणजे रानटी जैतुनाच्या (ऑलिव्हच्या) फांद्या, लागवडीच्या झाडावर कलम केलेल्या. मुळाला तुम्ही धरून ठेवत नाही, मूळ तुम्हाला धरून ठेवतं, तेव्हा तोरा मिरवू नका. हे मी एकदा तासगावच्या एका द्राक्ष बागायतदाराला सांगितलं, कर्जाच्या कागदांवर सह्या होईपर्यंत वेळ होता म्हणून. इस्रायल म्हटलं की त्याला फक्त ठिबक आठवतं. तो म्हणाला, "मॅडम, हे उलटं झालं. आम्ही रानटी डॉगरीजच्या खुंटावर चांगली काडी भरतो. चांगल्या खुंटावर रानटी काडी कोण भरंल?" मी घरी येऊन पुन्हा वाचलं. पौलानेही लिहिलंय की हे निसर्गाच्या उलट आहे. इतकी वर्षं मी ते शब्द वाचले होते आणि द्राक्षवाल्याने सांगेपर्यंत कळले नव्हते.

आमचे मामा 2011 साली पवित्र भूमीच्या सहलीला गेले होते. बेथलेहेमात एका दुकानातून त्यांनी जैतुनाच्या लाकडाचा गोठा आणला: मरीया, योसेफ, बाळ, दोन मेंढरं, एक उंट. दुकानदार अरबी बोलणारा आणि गळ्यात क्रूस. मामांनी विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती केव्हा झालात?" तो बघतच राहिला. मग मागे खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या बापाला त्याने अरबीत काहीतरी विचारलं, दोघं हसले. "आम्ही झालो नाही," तो म्हणाला, "आम्ही इथेच होतो."

मामा हे सांगताना दर वेळी इथे थांबत. कारण हा प्रश्न त्यांना स्वतःला आयुष्यभर विचारला गेला होता. कॉलेजात, एसटीत, भाड्याची खोली बघताना. तुम्ही कधी बाटलात हो? आणि त्यांनी तोच बेथलेहेमच्या माणसाला विचारला. नकाशात बेथलेहेम होतं, तिथे कोणी राहत असेल हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. यरुशलेमच्या काही धर्माध्यक्षांनी 2006 मध्ये या झेंडेवाल्या शिकवणीला जाहीर नकार दिला होता. पण त्यांचं म्हणणं सांगलीच्या मंगल कार्यालयापर्यंत पोचत नाही.

यंदा नाताळात गोठा मांडायला भाचा आला होता. एका मेंढराचा कान तुटलाय. खोक्याच्या तळाशी त्या दुकानाचं कार्ड सापडलं, इंग्रजी आणि अरबी छापलेलं. "चालू असेल का गं आत्या अजून?" म्हणत त्याने नंबर फिरवला. बराच वेळ रिंग जात राहिली. कोणी उचलला नाही. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, सकाळचे नऊ वाजत होते.

"तिकडे आत्ता साडेपाच असतील," तो म्हणाला. "दुपारी बघतो परत."